नत्थूभाऊ पास झाले त्याची गोष्ट

एका माणसाला परीक्षेत पास व्हायला लावल्याचा दोष माझ्याकडे जातो. हे वाचून कोणी हसेल. मीही आधी हसलोच होतो, चार लोकांना कौतुकाने सांगतही फिरलो होतो. पण त्या पास होण्यामुळे नत्थूभाऊ झाडे यांचं हक्काचं एक ठिकाण गेलं, आणि ते मी घालवलं. नकळत घालवलं, असं म्हणायची सोय मला नाही. का नाही, ते पुढे येईलच. आधी नत्थूभाऊ कोण ते सांगतो.

नत्थूभाऊ नापास झाले की संत्रा बर्फी वाटायचे.

निकालाचा कागद विभागाच्या फलकावर लागला की पास झालेली पोरं घरी फोन लावत, आणि नत्थूभाऊ पिशवीतून बर्फीचा डबा काढत. "घ्या गा, घ्या. यंदाही गेलं आपलं." पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, काकांनी चुकून दुसऱ्याचाच निकाल वाचला. एखादी मुलगी धीर करून सांगे, "काका, तुम्ही नापास आहात." त्यावर नत्थूभाऊ डबा आणखी पुढे करत. "मंग? नापासाले तोंड नसते का? घे, ताजी हाये."

हे विद्यापीठातल्या चिनी भाषा आणि संस्कृतीच्या प्रमाणपत्र वर्गाचं सांगतोय. वर्ग संध्याकाळचा, एकाच वर्षाचा. त्याच्यापुढचं चिनी नागपुरात शिकवत नाहीत. नियम असा, की नापास झालेल्याला पुन्हा नाव घालता येतं, पास झालेल्याला येत नाही. शिकवायला तासिका तत्त्वावर नेमलेली एक तरुण मॅडम. चिनीत शिक्षकाला 'लाओशी' म्हणतात. नत्थूभाऊंना नुसतं लाओशी म्हणणं उद्धट वाटायचं, म्हणून ते तिला 'लाओशीबाई' म्हणत. ती आधी हसायची, मग स्वतःची ओळखही तशीच करून द्यायला लागली.

नत्थूभाऊ मूळचे पारशिवनीकडचे, शेतकरी घरातले. तरुणपणी लकडगंजात लाकूड कापायच्या आरामशीनवर कामाला लागले आणि पुढे स्वतःची आरामशीन टाकली. नुसता वास घेऊन साग कुठल्या जंगलातला ते सांगत. साठी उलटल्यावर मुलांनी धंदा हातात घेतला, मनीषनगरात मोठा फ्लॅट घेतला आणि वडिलांना म्हणाले, "बाबा, आता आराम करा." आणि या माणसाने आराम म्हणून चिनी निवडलं.

का, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. एकदा आरामशीनसाठी चीनहून यंत्र आलं आणि ते बसवायला एक चिनी पोरगाही आला. बसवून झालं. निघताना त्या पोराने नत्थूभाऊंचे दोन्ही हात हातात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून बराच वेळ काही तरी सांगितलं. दुभाष्या तेव्हा चहाला गेला होता.

"तो काय बोलला, मले आजही मालूम नाही," नत्थूभाऊ सांगत. "एवढा जीव तोडून बोलला, अन् मी नुसता हाव हाव करून राहिलो. काय हाव म्हटलं असन म्या? पोरगी तं देऊन नाही बसलो?"

चिनी त्यांच्या अंगात शिरलं ते असं. नुसती भाषा शिकून त्यांचं भागलं नाही, सगळे रिवाजच त्यांनी उचलले. चीन त्यांनी कधी पाहिला नव्हता, पण दर तिसऱ्या वाक्याला "चीनमधी असं नसते" हे असायचंच. कोणी विचारलंच, "काका, तुम्ही गेलते का चीनला?" तर शांतपणे म्हणत, "गेलो नाही. पण वाचून राहिलो ना."

चिनी माणूस थंड पाणी पीत नाही, हे वाचल्यापासून त्यांनी माठ सोडला. मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, हा माणूस थर्मासमधलं कढत पाणी फुंकून फुंकून प्यायचा. आम्हाला पाहूनच घाम सुटे. "पोटातली आग आगीनंच विझते," ते म्हणत. हे चिनी होतं की पारशिवनीचं, ते कधी कळलं नाही.

चीनमध्ये वस्तू द्यायची-घ्यायची ती दोन्ही हातांनी. नत्थूभाऊ पानठेल्यावर सुट्टे पैसे दोन्ही हातांनी, थोडं वाकून घेत. पानठेलेवाला ओशाळून स्वतःही वाकायला लागला. एकदा चौकात वाहतूक पोलिसाने स्कूटर अडवली. नत्थूभाऊंनी लायसन दोन्ही हातांनी पुढे केलं, आणि हातांतून सुटलेली स्कूटर सावकाश पोलिसाच्या बुटावर कलंडली. पोलीस चिडून म्हणाला, "दारू पिऊन आले का काका?" नत्थूभाऊ म्हणाले, "नाही साहेब, गरम पाणी."

जेवायच्या काड्या त्यांनी आपल्याच आरामशीनवर कापून आणल्या होत्या, अस्सल सागाच्या, पण मिस्त्रीच्या हाताच्या सवयीने खुंट्यांएवढ्या जाड. त्या काड्यांनी ते विद्यापीठासमोरच्या ठेल्यावर तर्रीपोहे, म्हणजे हरभऱ्याच्या झणझणीत रश्श्यातले पोहे, खात. हरभरा चिमटीत आला की ठेल्यावरची पोरं टाळ्या वाजवत, आणि निसटून तर्रीत पडला की ज्याच्या शर्टावर शिंतोडे उडत तो सोडून बाकीचे टाळ्या वाजवत. ठेलेवाला शेवटी त्यांच्या प्लेटीत चमचा खोचूनच द्यायचा. नत्थूभाऊ तो दोन्ही हातांनी परत करायचे.

पण खरा माणूस दिसायचा तो त्यांच्या गच्चीवर. चीनमध्ये म्हणे म्हातारे लोक सकाळी बागेत जाऊन मोठ्या कुंचल्याने, नुसत्या पाण्याने, फरशीवर अक्षरं लिहितात. नत्थूभाऊंनी झाडूच्या दांड्याला स्पंज बांधून कुंचला केला आणि इमारतीच्या गच्चीवर लिहायला लागले. नागपूरचं ऊन असं, की अक्षराची शेवटची रेघ मारेपर्यंत पहिली वाळून जायची. "लय इमानदार फळा हाये," ते म्हणत, "आपली चूक आपणच पुसते." एकदा त्यांनी हौसेने खाली पार्किंगमध्ये, सावलीत लिहिलं. तिथे अक्षरं टिकली. संध्याकाळी कोणी तरी त्यांच्याभोवती लिंबू-मिरच्या ठेवून गेलं होतं. करणी समजून. नत्थूभाऊंनी लिंबं उचलून घरी नेली.

मी या वर्गात आलो तो नाइलाजाने. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागात आहे. आमचे सुटे भाग चीनहून येतात, म्हणून साहेबांनी सुचवलं, थोडं चिनी शिका. पास झालात तर बढतीच्या वेळी पाहू. पन्नाशीचा माणूस, पोरांच्या बाकावर बसलो आणि पहिल्याच आठवड्यात कळलं, की हे आपल्या डोक्याचं काम नाही. अक्षर म्हणजे चित्र, आणि माझी चित्रकला शाळेतच संपलेली.

नत्थूभाऊंनी मला स्वतःहून उचललं. "अशोक, तू रेघ उलटी मारून राहिला," ते माझ्या वहीत डोकावून म्हणाले. "लाकूड रेषेच्या उलट कापलं तं फाटते, मालूम हाये ना? अक्षराचंही तसंच. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. त्याच्या रेषेनं जाय, मंग ते फाटत नाही." त्यानंतर रविवारी सकाळी मी त्यांच्या गच्चीवर जायला लागलो. ते लिहायचे, मी वाळायच्या आत वाचायचं. मी चुकलो की कधी ओरडले नाहीत. फक्त म्हणत, "घाई करते बुवा ऊन. पुन्हा लिहितो."

तिथेच माझ्या लक्षात आलं, की या माणसाला सगळं येतं. अख्खे धडे ते तोंडपाठ म्हणायचे, कुठेही न अडखळता. मी विचारलं, "भाऊ, मग तुम्ही नापास काहून होता?"

"लेखीत पास होतो ना मी. हाताले खराब लिहिता येत नाही. पण तोंडी परीक्षेत माझी जीभ टाळ्याले चिकटते."

तोंडी परीक्षेत नापास म्हणजे सगळ्यातच नापास, असा नियम होता. मी मान डोलावली. पण ते हे म्हणाले तेव्हा माझ्याकडे न पाहता कुंचला पिळत होते. आरामशीनवर पन्नास लोकांना एका हाकेत थांबवणाऱ्या माणसाची जीभ अशी टाळ्याला चिकटेल, हे मला खरं वाटलं नाही. काही तरी कारण आहे, एवढं मला त्या सकाळीच कळलं होतं. मी ते विचारलं नाही. माझी चूक परीक्षेच्या दिवशी घडली असं मी लोकांना सांगतो, पण ती इथूनच सुरू झाली होती.

तोंडी परीक्षा जोडीजोडीने घ्यायचं ठरलं. एकाने यजमान व्हायचं, एकाने पाहुणा. टेबलावर खरी किटली, खरे कप. चिनी रीतीने चहा द्यायचा आणि गप्पा मारायच्या. परीक्षक बाहेरगावचे होते, चिनी पुष्कळ शिकलेले आणि चेहऱ्यावरून तरी फार कडक. जोड्या लागल्या त्यात मला नत्थूभाऊ आले. समोरचा माणूस मुका बसला तर मी एकटा काय बोलणार? साहेब, बढती, घरी बायकोला सांगून ठेवलेलं, सगळं डोळ्यांसमोर नाचायला लागलं.

आत गेलो. मी यजमान, ते पाहुणे. मी घोकलेलं पहिलं वाक्य म्हटलं. नत्थूभाऊ गप्प. दुसरं म्हटलं. ते छताच्या पंख्याकडे पाहत बसले. परीक्षक पेन खाली ठेवायला लागले. मॅडम माझ्याकडे कळवळून पाहत होती.

तेव्हा मी ते केलं. चिनी रिवाजात पाहुण्याचा कप काठोकाठ भरायचा नसतो. भरला तर ते 'उठा आता' म्हटल्यासारखं. किटलीची चोच पाहुण्याकडे वळवून ठेवणंही अपमानाचं. हे मला नत्थूभाऊंनीच शिकवलं होतं, गच्चीवर, प्लॅस्टिकचा मग घेऊन. मी कप काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत. किटलीची चोच नेमकी त्यांच्या छातीकडे वळवली. आणि कप पुढे केला तो एका हाताने, डाव्या.

नत्थूभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं. आणि मग खुर्चीवरून अर्धवट उठून ते बोलायला लागले. चिनीत. भरभर, हात हलवत, मधेच माझ्याकडे बोट दाखवत. मला त्यातलं 'चहा' आणि 'तो' एवढंच कळलं. परीक्षक आधी थक्क झाले, मग पुढे झुकले, मग त्यांनी काही विचारलं, आणि नत्थूभाऊंनी उत्तर दिलं. त्यांनी आणखी विचारलं. बाहेरची पोरं दारातून डोकावायला लागली. कडक परीक्षक हसत होते, नत्थूभाऊंच्या दंडावर थोपटत होते. मी किटली धरून उभा.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "झापलं ना भाऊ मला?"

"जाऊ दे," ते म्हणाले, आणि थर्मास उघडून पाणी ओतायला लागले. ते कढत पाणी आज न फुंकताच प्यायले. मला वाटलं, आनंदाने.

निकाल लागला. नत्थूभाऊ वर्गात पहिले. आणि मी लेखीत नापास. तोंडीत मात्र काठावर पास होतो. ते मार्क कुठून आले हे मला तेव्हा उमगलं नाही. पोरांनी काकांना उचलायचा प्रयत्न केला. नत्थूभाऊंनी सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, प्रमाणपत्राचा अर्ज दोन्ही हातांनी घेतला आणि निघाले. बर्फी काही निघाली नाही. कोणी तरी ओरडलं, "काका, पास झाल्यावर कंजुषी?" ते वळले, हसले आणि म्हणाले, "विसरलोच बाप्पा."

पुढच्या वर्षी मी पुन्हा नाव घातलं. नवी पोरं, तोच धडा, तीच मी चुकवलेली अक्षरं. खिडकीजवळचा पहिला, नत्थूभाऊंचा बाक रिकामा होता. कामाच्या गडबडीत, आणि खरं सांगायचं तर तोंड दाखवायच्या लाजेने, मी गच्चीवर जायचं थांबवलं होतं. फोनवर ते म्हणायचे, "मजेत हाये. तू अभ्यास कर." मी सुटल्यासारखा फोन ठेवायचो.

एकदा वर्ग सुरू झाल्यावर मला साहेबांचा फोन आला म्हणून मी बाहेर पडलो. बोलत बोलत विभागामागच्या कँटीनपर्यंत गेलो. तिथे कडुनिंबाखालच्या बाकावर नत्थूभाऊ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वर्गाची पिशवी.

"भाऊ? तुम्ही इथे?"

ते दचकले. मग हसले. "आला का? बस. वर्ग सोडून काहून फिरून राहिला?"

"मी सोडा. तुम्ही काय करताय इथे?"

"काही नाही. वर्ग सुटला की जातो घरी."

मला समजायला वेळ लागला. त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. प्रमाणपत्र पिशवीत होतं आणि घरी ते अजून नापासच होते. रोज वर्गाच्या वेळी ते निघत, वर्गाची वेळ या बाकावर काढत आणि सुटणाऱ्या पोरांबरोबर फाटकातून बाहेर पडत.

"घरी काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं तं म्हणतील, झालं ना बाबा तुमचं? बसा आता." त्यांनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "पोरं चांगले हायेत गा माहे. सून ताट वाढते, औषध देते. तक्रार नाही. पण आरामशीनवर गेलो तं पोरगा म्हणते, बाबा, धूळ लागन, घरी जा. घरी आलो तं सगळे आपापल्या फोनमधी. लाओशीबाई हजेरी घ्यायची ना, तवा माहं नाव घ्यायची. दिवसातून एकदा कोणीतरी माहं नाव घेऊन विचारे, आला का म्हणून. अन् मी म्हणो, हाव, आलो."

कँटीनवाल्याने आमच्यासमोर चहा ठेवला आणि गेला. मी म्हटलं, "मॅडमना सांगू या. नुसतं बसू देतील ऐकायला."

"विचारलं होतं तिनं. मीच नाही म्हटलं. तासावर पैसे घेणारी पोरगी हाये. उद्या कोणी म्हटलं, बिगर नावाचा मानूस बसवते, तं तिचं काम जाईन. आपल्यापायी काहून?" मग एकदम मान वळवून म्हणाले, "पण मले एक सांग, तू नापास कसा झाला बे? मी तं पक्का बंदोबस्त केला होता."

"कसला बंदोबस्त?"

"त्या परीक्षकाजवळ! तुले काहीच नाही समजलं का तवा?"

"तुम्ही मला झापत होतात ना?"

नत्थूभाऊंनी कपाळावर हात मारला. "अरे बाप्पा! झापाले तुले मी आपल्या गच्चीवर नसतो झापलो का? परक्यापुढं कोण झापते आपल्या मानसाले?" ते माझ्याकडे सरकले. "तू तो कप भरला, चोच फिरवली, एका हातानं देल्ला. मले वाटलं, पोरगं घाबरून सगळं विसरलं. परीक्षकाच्या तोंडाकडे पाह्यलं, तं तो शून्य लिहाले टेकलाच होता. मंग काय करतो? मी म्हटलं, साहेब, याले मी शिकवलं, यानं जे चुकवलं ते माह्या शिकवण्यात चुकलं, मार्क कापाचे तं माहे कापा. त्यानं विचारलं, तुम्ही कोण? मी सांगतलं. मंग तो विचारतच गेला, अन् मी बोलतच गेलो. थांबता नाही आलं." त्यांनी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला. "अडचण समजत होती मले. बोललो तं पास होईन, पास झालो तं बाहेर. पण तुले तिथं तसं उभं टाकून गप्प बसनं नाही जमलं बुवा."

आतून वर्गाचा आवाज येत होता, सगळी पोरं एका सुरात धडा म्हणत होती. नत्थूभाऊ ऐकत होते, त्यांचे ओठ हलत होते. माझ्यासाठी त्यांनी जे टाकलं होतं ते माझ्या भित्रेपणासाठी टाकलं असं त्यांना वाटत होतं. मी तसंच वाटू दिलं असतं तर कोणाला कळलं नसतं. त्यांना तर नाहीच.

मी त्यांचे हात धरले.

"भाऊ, मी घाबरून विसरलो नव्हतो. तुम्ही शिकवलेलं सगळं मला आठवत होतं, म्हणूनच ते उलटं करता आलं. कप मी मुद्दाम भरला. तुम्हाला राहवणार नाही आणि तुम्ही बोलाल, हे मला माहीत होतं. तुमच्या गप्प बसण्याला काही कारण आहे, हेही मला कळलं होतं, तरी भरला, माझे मार्क जाऊ नयेत म्हणून. तुमचा वर्ग माझ्यामुळे गेला. माझं चुकलं, भाऊ. मला माफ करा."